बंगळुरूला निघण्याआधी

ग्रेस हॉपर सेलिब्रेशन इंडिया, म्हणजे कम्प्युटिंगमधल्या बायकांचा बंगळुरूला भरणारा सोहळा, तिथं जायचं ठरलं की नाशिकच्या मुलींचा पहिला प्रश्न बॅगेचाच असतो. कपडे कोणते न्यायचे, लॅपटॉप लागेल का, साडी चालेल का? साडी चालते, कुर्ता चालतो, जीन्सही चालते. चपला मात्र रोजच्या सवयीच्या घाला. दिवसभर उभं राहणं आणि चालणं होतं, नव्या चपलेनं टाच सोलली की दुपारनंतर कुठल्याच भाषणात लक्ष लागत नाही. हॉलमधला एसी कडक असतो, म्हणून एक स्टोल जवळ असू द्या. बॅगेचं एवढंच. माझी यादी बॅग काढण्याच्या खूप आधी सुरू होते.

आधी पैसे आणि परवानग्या उरका. विद्यार्थिनींसाठी शिष्यवृत्ती असते आणि तिच्या अर्जाची मुदत कार्यक्रमाच्या कितीतरी आधी संपते, त्यामुळे 'सबमिशन झाल्यावर बघू' म्हणू नका. कॉलेजचं ओळखपत्र चालू वर्षाचं आहे ना, हे आजच बघून घ्या, आणि आधार मूळच न्या. नोकरी करणाऱ्यांनी सातपूर-अंबडच्या कंपनीत साहेबांना जेवणाच्या सुट्टीत तोंडी विचारू नये. मेल लिहावा: कोणत्या तारखा, किती खर्च, आणि परत आल्यावर आपल्या टीमला काय शिकवणार. तिसरी ओळ असली की रजेची मागणी प्रशिक्षणाची मागणी होते, आणि पुष्कळदा नोंदणीचे पैसेही कंपनी भरते. घरी लहान बाळ असेल तर आयोजकांना आधीच मेल करून विचारा की बाळाला पाजायला खोली आहे का, सोबत आई किंवा सासूबाई येऊ शकतात का. हे विचारायला संकोच वाटून घरी राहिलेल्या दोघीजणी मला माहीत आहेत, आणि ते मला अजून लागून राहिलंय. बायकांच्या सोहळ्यात हे नाही विचारायचं, तर मग कुठे विचारायचं?

प्रवासाचं थोडक्यात सांगते. पुण्याहून गाडी किंवा विमान पकडणार असाल तर नाशिक-पुणे हे 210 किलोमीटर नकाशात दिसतात तेवढ्या वेळात कापता येतील असं धरू नका. चाकणला अडकायला होतंच. दोन तास जास्तीचे ठेवा. विमानानं जाणाऱ्यांनी पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही. बंगळुरूचा विमानतळ गावापासून लांब देवनहळ्ळीला आहे, तिथून शहरात यायचा वेळही हिशेबात धरा. चौघी-पाचजणींनी मिळून राहायची जागा घेतली तर ती कार्यक्रमाच्या ठिकाणाच्या शक्य तितकी जवळ घ्या. खाण्यासाठी चिवडा आणि बेदाणे न्या. बेदाण्यांची एक पुडी दुपारी चार वाजता उघडली की शेजारच्या खुर्चीवरची अनोळखी मुलगी अनोळखी राहत नाही.

आता माझ्या मते जे सगळ्यात महत्त्वाचं आहे त्याकडे येते. ज्या बाईच्या नावानं हा सोहळा भरतो, ती कोण होती हे नीट वाचून जा. ग्रेस हॉपर 1906 साली जन्मली. 1934 साली तिनं येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात दाखल झाली आणि हार्वर्डच्या मार्क 1 या यंत्रावर प्रोग्रॅम लिहू लागली. 1952 साली तिनं ए-0 हा कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राच्या खुणांमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, केला. त्या काळी प्रोग्रॅम म्हणजे आकडे आणि सांकेतिक खुणा. तिचं म्हणणं असं की हिशेब ठेवणाऱ्या, माल मोजणाऱ्या माणसाला या खुणा शिकायला लावू नका, त्याला त्याच्या शब्दांत लिहू द्या, खुणांमध्ये बदलायचं काम यंत्र करील. इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिता येणारी तिची फ्लो-मॅटिक ही भाषा त्यातूनच आली, आणि 1959 साली कंपन्यांच्या हिशेबाच्या कामासाठी ज्या कोबॉल या भाषेचं काम सुरू झालं ती फ्लो-मॅटिकच्याच पायावर उभी राहिली. नौदलातून ती 1986 साली निवृत्त झाली तेव्हा 79 वर्षांची होती. तिच्या नावाचा सोहळा अनिता बोर्ग आणि टेली व्हिटनी या दोघींनी 1994 साली वॉशिंग्टनमध्ये सुरू केला, आणि भारतात तो 2010 पासून बंगळुरूला भरू लागला.

हे परीक्षेसाठी पाठ करायला सांगत नाहीये. तुमच्या तयारीतलं पहिलं काम यातूनच निघतं: आपलं काम दोन मिनिटांत सांगता येणं, आणि ते आधी मराठीत सांगता येणं. दिंडोरीकडची एक मुलगी निघायच्या आठ दिवस आधी माझ्याकडे सरावाला आली होती. सुरुवात केली ती अशी: 'वुई हॅव प्रपोज्ड अ नॉव्हेल आयओटी बेस्ड फ्रेमवर्क...' तिसऱ्या वाक्यावर अडली आणि रडकुंडीला आली. मी तिला म्हटलं, बाळा, तुझ्या बाबांना हे कसं सांगशील? तिनं डोळे पुसले आणि एका दमात सांगितलं. 'द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाउनी या रोगाची भीती असते. पानावर ओल किती वेळ टिकली त्यावर रोग येणार का ते ठरतं. आम्ही बागेत चार सेन्सर लावले, दर 15 मिनिटांनी ओल मोजतो, धोका वाटला की बाबांच्या मोबाइलवर मराठीत मेसेज जातो. पण पानावर औषध फवारलं की सेन्सर त्यालाच पाऊस समजतो, तिथं अडलोय.' इतकं स्वच्छ! मग आम्ही त्याच वाक्यांचं, त्याच क्रमानं, साधं इंग्रजी केलं. 'फ्रेमवर्क' आणि 'नॉव्हेल' दोन्ही गळाले. बंगळुरूला तिच्याशी सगळ्यात जास्त वेळ लोक बोलले ते तिच्या शेवटच्या वाक्यावर, जिथं ती अडली होती त्यावर. म्हणून दोन मिनिटांमधलं अर्धं मिनिट आपलं अडलेलं सांगायला राखून ठेवा. झालेलं काम सगळेच दाखवतात, अडलेलं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची जवळ ओढतो.

ज्यांना वाटतं की आपलं काम 'कम्प्युटिंग'मध्ये मोडतच नाही, त्यांनी तर हा सराव जरूर करावा. अंबडच्या कारखान्यात पीएलसीचं, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचं, लॅडर लॉजिक लिहिणारी, लासलगावच्या कांद्याच्या लिलावाचे भाव एक्सेलमध्ये भरून त्यावर मॅक्रो चालवणारी, पतसंस्थेत डेटाबेस सांभाळणारी, या सगळ्यांचं ते काम कम्प्युटिंगच आहे. 1946 साली लोकांपुढे आलेल्या एनिॲक या सुरुवातीच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहाजणी वायरी आणि स्विच जुळवून काम करत होत्या, आणि त्यांची नावं कित्येक वर्षं कोणी घेतलीही नव्हती. आपल्या कामाचं नाव आपणच घ्यायचं.

दुसरं काम: हातात देता येईल अशी एक वस्तू न्या. हॉपर भाषणाला जाताना वायरचे तुकडे घेऊन जायची, प्रत्येक तुकडा साधारण 30 सेंटिमीटरचा. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश जास्तीत जास्त एवढंच अंतर जातो, असं सांगून ती तो तुकडा लोकांच्या हातात द्यायची. उपग्रहावरून संदेश यायला वेळ का लागतो हे मोठमोठ्या अधिकाऱ्यांना त्या वायरीनं समजलं. रविवार कारंजावर एक मीटर वायर घ्या आणि पट्टीनं मोजून तीन तुकडे करा. एक तुकडा हातात धरला की तुम्हालाही ते कळेल. मग आपल्या कामातली तशी वस्तू शोधा. दिंडोरीच्या मुलीनं पानाच्या आकाराचा तो ओल मोजणारा सेन्सर नेला होता आणि बाटलीतल्या पाण्याचा थेंब त्यावर टाकून मोबाइलवरचा आकडा हलताना दाखवत होती. पीएलसीवालीनं लिमिट स्विच, म्हणजे यंत्राचा भाग ठरल्या जागी पोचला की दाबला जाणारा स्विच, न्यावा. काहीच नसेल तर आपल्या स्क्रीनचा एक छापील फोटो पुरे.

पोस्टर किंवा स्लाइड असेल तर माझ्यावर आलेली वेळ तुमच्यावर येऊ नये. मी शेतकऱ्यांच्या तोंडची वाक्यं जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप केली होती. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर तो फॉण्ट नव्हता. पडद्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि कंसांचा खच पडला, आणि माझी पाच मिनिटं तिथंच गेली. तेव्हा मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहा, फॉण्टसकट पीडीएफ करा, आणि ती पीडीएफ दुसऱ्या कोणाच्या तरी लॅपटॉपवर उघडून 'द्राक्ष'मधला द्र आणि क्ष शाबूत आहे का ते डोळ्यांनी बघा. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक मेलवर. पोस्टर कॅनडा कॉर्नरला छापून घेताना मापाचा कागद सोबत न्या, दुकानदाराला तोंडी सांगू नका.

बायोडाटा एक पानाचा, दहा प्रती. लिंक्डइनचा क्यूआर कोड त्यावर छापून घ्या, कारण गर्दीत नेटवर्क जातं आणि मोबाइलवर काहीच उघडत नाही. कंपन्यांच्या स्टॉलवर पिशव्या आणि बाटल्या मिळतात, त्यांच्यामागे सकाळ घालवू नका. कोणत्या पाच स्टॉलवर जायचं ते आदल्या रात्री ठरवा आणि प्रत्येकासाठी एक प्रश्न वहीत लिहून ठेवा. 'तुमच्याकडे फ्रेशर घेता का' हा प्रश्न नको. 'नव्या मुलीला पहिल्या तीन महिन्यांत काय काम देता' असं विचारा, उत्तर देणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो.

सत्रांच्या बाबतीत एकच सांगते: मैत्रिणींचा घोळका करून सगळ्याजणी एकाच हॉलमध्ये बसू नका. चौघीजणी चार ठिकाणी जा, रात्री खोलीवर जेवताना एकमेकींना सांगा. आणि दिवसातून निदान एकदा माइक हातात घेऊन उभ्या राहा. 'मी नाशिकहून आलेय' हे वाक्य आधी, मग प्रश्न.

भेटलेल्या प्रत्येकीचं नाव आणि तिच्याशी काय बोलणं झालं हे त्याच दिवशी वहीत टिपा. तिसऱ्या दिवसाच्या आत तिला चार ओळींचा मेल जाऊ दे, त्यात ते बोलणं आठवणीनं लिहा. आणि निघण्याआधी आणखी एक करून ठेवा: परतल्यानंतरच्या शनिवारी कॉलेजमधली एक वर्गखोली दुपारी दोन ते चार अशी मागून घ्या, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींच्या ग्रुपवर ती वेळ आत्ताच टाका. वायरीचे उरलेले दोन तुकडे त्या दिवसासाठी आहेत.