आयोजकांनी मागायच्या आधी परिचय तयार ठेवा

तुम्ही गात किंवा वाजवत असाल, तर दिवाळी पहाटेचा कार्यक्रम ठरला की आयोजकांचा मेसेज येतोच, "फोटो आणि परिचय लगेच पाठवा." घाईत हाताला लागेल ते जातं. मग पत्रिकेवर नाव एक, यूट्यूबवर दुसरं, आणि गाणं आवडलेल्या श्रोत्याला तुम्ही नंतर सापडतच नाही.

मोबाइलमध्ये एक फोल्डर करून ठेवा:

1. नावाचं एकच रूप ठरवा. वडिलांचं नाव लावायचं का, इंग्रजीत एक 'ए' की दोन, हे ठरलं की सगळीकडे तेच.

2. परिचय दोन लिहा: पत्रिकेसाठी एका ओळीचा, निवेदकासाठी चार ओळींचा. 'अष्टपैलू कलाकार' यातून काहीच कळत नाही. 'नाट्यसंगीत आणि अभंग गायन' म्हटलं की आयोजकाला लगेच अंदाज येतो. पुरस्कार एखाद-दुसराच पुरे. लांबलचक यादी सुरू झाली की श्रोते चुळबुळ करायला लागतात.

3. वाद्यासह एक उभा, एक आडवा फोटो. व्हॉट्सॲपवर तो 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर फाइल बारीक होते आणि फ्लेक्सवर चेहरा फुटतो.

4. दोन मिनिटांची क्लिप, थेट बंदिशीच्या मुखड्यापासून, म्हणजे तिच्या सुरुवातीच्या ओळीपासून.

एक मात्र सांभाळा. गुरूंचं नाव त्यांना विचारूनच घाला. नुसती कार्यशाळा केली असेल तर 'शिष्य' लिहू नका. संगीतक्षेत्रात ही गोष्ट फार मनाला लावून घेतली जाते, आणि ते योग्यच आहे.