थोरल्या भगिनीने धाकटीला विश्वासात सोबत कशी द्यावी

बायबलमधील तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल वडीलधाऱ्या स्त्रियांवर तरुणींना शिकवण्याची जबाबदारी सोपवतो. पण त्याआधी त्या चहाडखोर नसाव्यात, असे तो बजावतो. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो आणि नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांतील ज्या भगिनींना हे काम हाती घ्यायचे आहे, त्यांनी सुरुवात आपल्या जिभेपासूनच करावी.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात किंवा रुग्णालयात नोकरीला लागलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी मुलगी रविवारी उपासनेला आली, की तिला आधी घरी जेवायला बोलवावे. पुढच्या भेटी तिची ड्यूटी विचारून ठरवाव्यात. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला सकाळच्या प्रार्थनेचा आग्रह धरू नये. पंधरवड्यातून एकदा तासभर पुरे. भाजी निवडता निवडता मन लवकर मोकळे होते, म्हणून पहिल्या दोन-तीन भेटींत केवळ ऐकावे. नंतर शास्त्रातला लहानसा भाग दोघींनी आळीपाळीने वाचावा आणि त्या वचनाप्रमाणे वागताना आपण कुठे कमी पडलो, हे थोरलीने आधी सांगावे. तिच्या शंकांना घाईने उत्तरे देऊ नयेत; नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनीसुद्धा पतीने 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लगेच त्यांचे अनुकरण केले नाही, त्यांचा स्वतःचा निर्णय व्हायला काही वर्षे लागली.

सर्वांत मोठी चूक प्रार्थनेच्या नावाखाली होते. भगिनी मंडळात ‘अमकीसाठी प्रार्थना करा’ असे कोणी कळवळ्याने म्हणते आणि संध्याकाळपर्यंत तिच्या घरची गोष्ट साऱ्या मंडळीला कळलेली असते. असा विश्वास एकदा तुटला, की ती मुलगी पुन्हा कोणाजवळ बोलत नाही. तिने होकार दिल्याशिवाय विनंतीतही तिचे नाव घेऊ नये, पाळकांजवळही नाही.

मात्र तिला मारहाण होत असेल, तर ‘सोसून घे’ असे चुकूनही सांगू नये. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करायला तिच्याजवळ बसावे, ती तयार असेल तर पोलीस ठाण्यात सोबत जावे, आणि गरज पडल्यास रात्रीपुरता आसरा द्यावा.

मुदतही आधीच ठरवावी. येशूची आई मरीया आपली नातलग अलीशिबेकडे सुमारे तीन महिने राहिली आणि मग आपल्या घरी परतली. तेवढ्या काळानंतर पुढे भेटायचे का, हे धाकटीलाच विचारावे. ती नको म्हणाली तर मन खट्टू करून घेऊ नये, जेवायला बोलावणे मात्र चालू ठेवावे.