‘सांभार’ला चूक म्हणू नका: स्मृतिभ्रंश, दोन भाषा आणि घरचा सराव

नागपुरात मराठी-हिंदी एकाच वाक्यात नांदतात. त्यामुळे स्मृतिभ्रंश झालेल्या आजी ‘पानी दे ना गं’ म्हणाल्या, तर तो बिघाड नव्हे. त्या जन्मभर तशाच बोलत आल्यात. समोरच्या अटेंडंटला फक्त हिंदी कळते हे ठाऊक असूनही त्या मराठीतच बोलत राहिल्या, तर मात्र नोंद करून ठेवा.

शब्द आठवण्याच्या घरच्या सरावात सगळ्यात जास्त घोळ होतो चित्रांच्या कार्डांचा. कार्डावर छापलंय कोथिंबीर, आजी म्हणतात ‘सांभार’ (नागपूरकडे कोथिंबिरीला हेच म्हणतात), सून म्हणते ‘चूक’. आलू (बटाटा), फल्लीदाणे (शेंगदाणे) यांचंही तेच. बरोबर उत्तराला दोन-चारदा चूक म्हटलं की माणूस बोलणंच सोडतो. कार्डं ठेवा बाजूला, खरी जुडी हातात द्या, वास घेऊ द्या. शब्द अडला तर दहा सेकंद गप्प राहा. मग अर्थाची खूण: ‘पोह्यांवर टाकतो ते हिरवं’. मग पहिलं अक्षर. इथेच गाडी अडते: तुम्ही ‘को…’ म्हणता आणि त्यांच्या मनात ‘सां…’ असतं! म्हणून घरचा शब्द आधी ठरवा. तरीही नाही आला तर सरळ सांगून टाका, ताणू नका.

एका वेळी पाच-सहाच शब्द, तेही रोजच्या गरजेचे: चष्मा, संडास, दुखतंय. शब्द सांगा, म्हणवून घ्या, मग 15 सेकंद, 30 सेकंद, 1 मिनिट, 2 मिनिटं असं अंतर वाढवत पुन्हा विचारा. चुकलं तर उत्तर देऊन आधी जमलेल्या अंतरावर परत या. वीस मिनिटं पुरे. मराठीत पक्का झालेला शब्द हिंदीत आपोआप येईलच असं नाही. मीठ आणि नमक यांचा सराव वेगळा घ्यावा लागतो.

‘कल डॉक्टर के पास जाना है’ यातला ‘कल’ मराठी कानाला ‘काल’ वाटू शकतो. ‘उद्या सकाळी’ म्हणा, कॅलेंडरवर बोट ठेवा.

उन्हाळ्यात सराव सकाळीच, कूलर बंद करून. त्या घरघरीत ऐकू न आलेला प्रश्न विसरलेला समजला जातो. कानातला मळ, श्रवणयंत्राचा सेलही बघा.

बोलणं काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक बिघडलं तर सराव थांबवा. पक्षाघात, लघवीचा संसर्ग, उन्हाने शरीरातलं पाणी कमी होणं, काहीही असू शकतं. तोंड वाकडं किंवा हात लुळा दिसला तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.