बँकॉकहून काय आणायचं? आधी सुपरमार्केट गाठा

बँकॉकला गेलात तर घरच्यांसाठीची खरेदी एअरपोर्टवर अजिबात ठेवू नका, तिथे तीच वस्तू बरीच महाग पडते. त्यापेक्षा राचदामरी रोडवर सेंट्रलवर्ल्ड मॉलच्या समोरच बिग सी हे मोठं सुपरमार्केट आहे, तिथे एक संध्याकाळ मोकळी ठेवा. सुकवलेला आंबा, कोकोनट मिल्क पावडर, नाकाला लावायचे ते छोटे इनहेलर (हे सुटे घेऊ नका, पाकिटात घेतले की स्वस्त पडतात आणि ऑफिसात वाटायला एकदम बेस्ट), बाम, सगळं एका छताखाली आणि किंमत लिहिलेली, घासाघीस नाही.

करी पेस्ट मात्र बघून घ्या हं! हिरवी असो की लाल, बहुतेक पेस्टमध्ये आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट घातलेली असते, घरी शाकाहारी कोणी असेल तर पिवळ्यावर लाल अक्षरात เจ असं चिन्ह असलेलं पाकीट शोधा, म्हणजे मांस-मासे काही नाही, कांदा-लसूणही नसतो. आणि पेस्ट, बाटल्या चेक-इन बॅगेतच टाका, केबिन बॅगेत अडवतात.

कपडे, पिशव्या घ्यायच्या असतील तर शनिवार-रविवारी चातुचाकचा बाजार. तिथे पहिल्याच दुकानात घेऊ नका, दोन गल्ल्या फिरा, तीन-चार नग एकत्र मागा, भाव आपोआप खाली येतो.

मोठी खरेदी असेल तर पासपोर्ट जवळ ठेवा, व्हॅट रिफंडवाल्या (म्हणजे पर्यटकांना खरेदीवरचा कर परत मिळतो अशा) दुकानात एका दिवसात २००० बाथ किंवा त्याहून जास्त झालं की फॉर्म तिथेच भरून मागायचा.