भाषणातील सांधे: एका मुद्द्यावरून दुसऱ्याकडे जाताना या चुका टाळा

सातारा जिल्ह्यातील वक्तृत्व स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेताना मला एक गोष्ट वारंवार जाणवली आहे. मुद्दे चांगले असतात, उच्चार स्पष्ट असतात, पाठांतरही पक्के असते, आणि तरीही ऐकणाऱ्याला खडबडीत रस्त्यावरून गाडी जावी तसे धक्के बसत राहतात. अशा वेळी भाषण पुन्हा लिहून काढण्याची गरज बहुधा नसते. पहिला मुद्दा संपून दुसरा सुरू होतो तेथील दोन-तीन वाक्ये तपासली की दोष सापडतो.

सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे नाते न सांगता नुसती पुढे सरकल्याची सूचना देणे. कर्मवीर भाऊराव पाटील हा साताऱ्यातील स्पर्धांत नेहमी येणारा विषय आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेतो. मुले म्हणतात, ‘१९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. आता दुसरा मुद्दा. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तसेच कमवा आणि शिका ही योजनाही महत्त्वाची आहे.’ माहिती बरोबर आहे. परंतु ‘आता दुसरा मुद्दा’ आणि ‘तसेच’ या शब्दांनी श्रोत्याला काहीच कळत नाही, कारण वसतिगृह का काढावे लागले आणि त्याचा कष्ट करून शिकण्याशी संबंध काय, हे जोडण्याचे काम त्याच्यावरच सोडलेले असते. तेच भाषण असे बांधता येते: ‘काल्यात संस्था उभी राहिली, पण खेड्यातल्या गरीब मुलाने शिकण्यासाठी शहरात यायचे तर राहायचे कोठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न उरलाच होता, साताऱ्यातील वसतिगृह हे त्याचे उत्तर होते.’ आणि पुढे: ‘दार सर्व जातींच्या मुलांसाठी उघडले, मात्र खर्चाचा भार मोठा होता, आणि म्हणूनच स्वतःच्या श्रमावर शिकण्याचा विचार या संस्थेत मध्यवर्ती झाला.’

येथे एक सोपी परीक्षा उपयोगी पडते. सांध्याचे वाक्य तसेच ठेवून त्याच्या पुढच्या-मागच्या मुद्द्यांची अदलाबदल करून पाहावी. अदलाबदल करूनही वाक्य खपून जात असेल, तर ते वाक्य पोकळ आहे असे समजावे. ‘आता दुसरा मुद्दा’ कोठेही खपते. ‘हा प्रश्न उरलाच होता’ हे एकाच जागी बसते. सांधा लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की पुढचा मुद्दा आधीच्याचे कारण आहे, परिणाम आहे, त्याला छेद देणारा आहे, की त्याचेच एक उदाहरण आहे. हे नाते ठरले की ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘याउलट’ हे शब्द आपोआप योग्य जागी येतात. ठरले नाही, तर कोणताही शब्द उसना वाटतो.

दुसरी चूक सजावटीची आहे. दोन मुद्द्यांच्या मध्ये चारोळी किंवा शेर घातला की वळण घेतले, अशी समजूत फार पसरलेली आहे. टाळ्या मिळतात, पण टाळ्या थांबल्यावर वक्ता जेथून निघाला होता तेथेच उभा असतो. कविता वापरायचीच असेल, तर तिच्यातील एखादा शब्द उचलून पुढच्या मुद्द्याचे पहिले वाक्य त्याच शब्दाने सुरू करावे.

या बाबतीत आपल्याकडच्या नारदीय कीर्तनाची घडण शिकण्यासारखी आहे, आणि मुलांनी एकदा तरी ते पूर्ण ऐकावे, असे मी आग्रहाने सांगतो. पूर्वरंगात कीर्तनकार एखादा अभंग घेऊन त्यातील तत्त्वाचे निरूपण करतात. मग मध्ये नामस्मरण होते आणि श्रोते क्षणभर सैलावतात. त्यानंतर उत्तररंगात आख्यान येते, जे पूर्वरंगातील तत्त्वाचाच दाखला असते. शेवटी कीर्तनकार पुन्हा मूळ अभंगावर येतात. विषय बदलला, स्वर बदलला, तरी श्रोता हरवत नाही, कारण त्याला विसावाही मिळतो आणि धागाही हातात राहतो.

हा विसावा आपले वक्ते नेमका विसरतात. ‘वसतिगृहातील मुलांसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने का मोडले असतील?’ असा उत्तम प्रश्न विचारून त्याच श्वासात उत्तर दिले, तर प्रश्न वाया जातो. तेथे दोन-तीन सेकंद थांबावे. बोलणाऱ्याला ते फार लांब वाटतात, ऐकणाऱ्याला वाटत नाहीत. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकले की याची खात्री पटते. जुन्या मुद्द्याचे शेवटचे वाक्य आवाज खाली आणून संपवावे आणि नवे वाक्य थोड्या वरच्या स्वरात उचलावे. पडद्यावर चित्रे दाखवायची असतील, तर आधी सांध्याचे वाक्य बोलावे आणि मगच चित्र बदलावे, अन्यथा श्रोते नवे चित्र पाहत असताना जुने वाक्य हवेत विरते.

आकडा जाहीर करून विसरणे ही लहान, पण लगेच उघडी पडणारी चूक आहे. ‘तीन कारणे सांगतो’ म्हटल्यावर परीक्षक मोजतात.

भाषण मध्येच विसरण्याचे प्रसंगही बहुतांशी सांध्यांवरच येतात, कारण तेथे मागच्या वाक्याचा आधार सुटलेला असतो. त्यासाठी तयारीच्या वेळी प्रत्येक मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून, मुद्दे न बोलता केवळ मधली वाक्ये ओळीने मोठ्याने म्हणावीत. ती सलग ऐकून भाषणाचा सारांश कळला पाहिजे. तरीही व्यासपीठावर अडखळल्यास माफी मागू नये; नुकतेच मांडलेले एका वाक्यात पुन्हा सांगावे, तेवढ्यात पुढचे बहुधा आठवते.

इशाऱ्याची घंटा वाजल्यावर ‘वेळेअभावी’ म्हणून उरलेले मुद्दे घाईने मोजत जाण्याची सवयही सोडावी. प्रत्येक मुद्द्यापासून थेट समारोपाकडे नेणारे एक वाक्य आधीच तयार ठेवावे. वरच्या उदाहरणात, वसतिगृहापाशीच घंटा वाजली तर एवढे पुरे आहे: ‘काल्यात सुरू झालेली ही वाट वसतिगृहाच्या दाराशी येऊन थांबली नाही; १९४७ मध्ये याच साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले.’