नागपूरहून बोर्दोला: दोन काठ, एक किनारा आणि घरी आणलेली बाटली

वाइनसाठी प्रसिद्ध असलेलं फ्रान्समधलं बोर्दो शहर समुद्रावर नाही, गारोन नदीवर आहे. पुढे गारोन आणि दोर्दोन्य एकत्र येतात, तिथून झिरोंदची रुंद खाडी सुरू होते आणि अटलांटिकला मिळते. तिकिटं काढण्याआधी हे पाणी नकाशावर बोटाने गिरवून पाहा, कारण इथली सगळी वाइन ‘डावा काठ’ आणि ‘उजवा काठ’ याच भाषेत बोलली जाते.

डाव्या काठावर मेदोक हा भाग. जमीन गोट्यांची, पाणी लगेच झिरपतं, दिवसा तापलेले गोटे वेलींना ऊब देतात. म्हणून काबेर्ने सोव्हिन्यों हे उशिरा पिकणारं द्राक्ष तिथे जमतं. उजव्या काठावर सेंत-एमिलियों आणि पोमेरोल. तिथल्या थंड चिकणमातीत आणि चुनखडीत लवकर पिकणारं मेर्लो लावतात. फरक जिभेला पहिल्याच घोटात कळतो: डाव्या काठची कोवळी वाइन कडक कोऱ्या चहासारखी हिरड्या आवळते, उजवीकडची मऊ लागते.

आपल्याकडून जाणाऱ्यांची हमखास होणारी चूक म्हणजे न कळवता शातोच्या दारात उभं राहणं. शातो म्हणजे द्राक्षमळा आणि वाइनरी मिळून एक इस्टेट. बहुतेक ठिकाणी आधी ईमेलने वेळ घ्यावी लागते, मेदोकमध्ये शनिवार-रविवारी बरेच दरवाजे बंद असतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तोडणीत पाहुण्यांसाठी कुणाला सवड नसते. मे किंवा जून उत्तम. दिवसाला दोन शातो पुरे. तिसऱ्यात चव कळत नाही. 1855 मध्ये शातोंची जी अधिकृत प्रतवारी झाली, तिच्यातल्या बड्या नावांमागे धावू नका. लहान इस्टेटीत मालक स्वतः तळघर दाखवतो, 225 लिटरच्या ओकच्या पिंपांमधून फिरवतो, आणि शिकायला तिथेच मिळतं.

चाखताना पेला देठाला धरा, हलकेच फिरवा, आधी वास घ्या. घोट तोंडात घोळवून शेजारच्या भांड्यात थुंकणं ही तिथली रीत आहे, संकोच नको.

गाडी नसेल तर सेंत-एमिलियों सोपं: रेल्वेने साधारण पाऊण तास, पुढे स्टेशनपासून गाव वीस मिनिटं चालत. एक दिवस आर्काशों या किनाऱ्यावरच्या गावासाठी ठेवाच. उपसागराकाठी ऑयस्टर लिंबू, पाव-लोणी आणि कोरड्या पांढऱ्या वाइनसोबत खातात. जवळच पिलाची वाळूची टेकडी शंभर मीटरहून उंच. माथ्यावर एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला लांड या प्रदेशातलं पाइनचं जंगल. समुद्री वारा अडवून हेच जंगल मेदोकचे मळे सांभाळतं.

शाकाहारी असाल तर दोन गोष्टी विचारून घ्या. कानेले या करपवट कडांच्या गोड पदार्थात अंड्याचा बलक आणि रम असते. आणि रेड वाइन नितळ करायला अनेक ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग वापरतात. ‘व्हेगन’ लिहिलेली बाटली मिळते.

आता बाटली नागपूरला आणण्याचं. भारतात परतताना 2 लिटरपर्यंत मद्य शुल्कमुक्त आहे. बाटली 750 मिलिलिटरची, म्हणजे दोनच. तिसरीने हिशोब सव्वादोन लिटरवर जातो. मुंबई किंवा दिल्लीला विमान बदलताना पुन्हा सुरक्षा तपासणी होते, म्हणून बाटल्या हातातल्या बॅगेत ठेवू नका. कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत, मधोमध ठेवा.

आपल्या मे महिन्यात कूलरच्या खोलीतही पारा तिशीखाली येत नाही. अशा उष्णतेत वाइन फुगते, बूच वर सरकतं, हवा शिरते आणि फळाचा वास जाऊन शिजवलेल्या मनुकांचा येतो. कपाटावर किंवा देवघराशेजारच्या फडताळात ठेवलेली बाटली दोन महिन्यांत संपली समजा. वाइन फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि पुढचा उन्हाळा येण्याआधी उघडा.

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्या’ हा सल्ला फ्रान्सच्या जुन्या दगडी घरांचा आहे, धरमपेठेतल्या फ्लॅटचा नाही. हवं असतं 16 ते 18 अंश. फ्रिजमधली बाटली पेल्यात ओतण्याआधी तास-दीड तास बाहेर काढा. उन्हाळ्यात त्याहून कमी वेळ पुरतो. सावजीच्या रश्श्यासोबत मात्र डाव्या काठची उघडू नका: तिखटाने तुरटपणा दुप्पट वाटतो आणि दोन्हींची चव जाते. साधं भाजलेलं मटण करा, मसाला कमी, मीठ बेताचं.