जुनी चेतक घरच्या घरी पुन्हा चालती करताना

पुण्यातील कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली किंवा जुन्या वाड्याच्या पडवीत एखादी बजाज चेतक ताडपत्रीखाली उभी असते. १९७२ मध्ये बाजारात आलेली ही स्कूटर एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर घरी येत असे, त्यामुळे ती भंगारात द्यायचे अनेकांच्या जिवावर येते. अशी स्कूटर स्वतःच्या हाताने खोलून, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणणे चिकाटीच्या माणसाला नक्कीच शक्य आहे. मात्र त्यासाठी पाने आणि पक्कड जितकी आवश्यक, तितकीच वहीही आवश्यक आहे. नोंद ही काम संपल्यावर करायची हौस नसून ती कामातलेच एक हत्यार आहे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पुढे जिथे कामाची पद्धत सांगितली आहे, तिथेच त्याची नोंद कशी ठेवावी हेही सांगितले आहे.

काय करायचे हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेत १९३२ च्या फोर्डसारख्या जुन्या मोटारी कापून, छत खाली आणून, त्यांत अधिक ताकदीचे इंजिन बसवून 'हॉट रॉड' तयार करण्याची मोठी परंपरा आहे. आपल्याकडे मात्र तसे वाहन रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळे ठरेल असा फेरबदल वाहनात करण्यास मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात तेच अधोरेखित केले आहे. पण त्या परंपरेतील एक शिस्त आपण जरूर उचलावी: पारंपरिक हॉट रॉड बांधणारे त्या काळात उपलब्ध असलेले सुटे भाग आणि त्या काळातील पद्धतीच वापरण्याचा आग्रह धरतात. चेतकच्या बाबतीत याचा अर्थ असा, की मूळ भाग दुरुस्त होण्यासारखा असेल तर तो बदलू नये, आणि बदलावाच लागला तर काढलेला भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा.

याला कायदेशीर बाजूही आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात सांभाळलेली आणि चॅसी (सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अशी नोंदणी मात्र प्रदर्शन, रॅली यांसारख्या प्रसंगांसाठी असते, रोजच्या वापरासाठी नसते. सत्तरच्या दशकातील पहिल्या चेतक आता या वयात येऊ लागल्या आहेत. आपण मूळ स्वरूप बदललेले नाही हे सांगताना छायाचित्रे आणि पावत्या हाच सर्वांत भक्कम आधार ठरतो.

म्हणून पहिले पान कागदपत्रांचे असावे. आरसी पुस्तक कोणाच्या नावावर आहे, ती व्यक्ती हयात नसल्यास वारसांच्या संमतीची काय व्यवस्था आहे, नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपल्यानंतर पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण कधी झाले होते, जुन्या पुस्तकावरील नोंद संगणकात चढली आहे की नाही, हे सर्व एकही नट सैल करण्याआधी आरटीओत जाऊन पाहून घ्यावे. चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावेत. त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावा व तो वहीत चिकटवावा. पुढे पत्र्याचे काम करताना या जागेवर लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरली जाणार नाही, ग्राइंडर फिरणार नाही आणि रंगाचे जाड थर चढणार नाहीत, याची ताकीद कारागिराला लेखी द्यावी. क्रमांक पुसट झालेली स्कूटर कितीही सुंदर दिसली तरी कागदोपत्री अडचणीतच राहते. कागदाविना मिळणारी स्वस्त चेतक मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही.

त्यानंतर स्कूटर आहे त्या अवस्थेत, धूळही न पुसता, आठही बाजूंनी टिपावी. छायाचित्रे एकाच जागेवरून, शक्यतो सकाळच्या सावलीतल्या उजेडात काढावीत आणि ती जागा फरशीवर खडूने आखून ठेवावी, म्हणजे कामाच्या प्रत्येक टप्प्यावर त्याच कोनातून पुन्हा छायाचित्र घेता येते. घरातील ज्येष्ठांना विचारून स्कूटर कधी नोंदवली, कधी मिळाली, रंग कधी बदलला, अपघात झाला होता का, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. पत्र्याखाली सापडणारा जुना सांधा किंवा वाकलेला फोर्क अशा आठवणींवरूनच उलगडतो.

खोलण्याची जागा कोरडी आणि हवेशीर हवी. सोसायटीत काम करायचे असल्यास कार्यकारिणीची परवानगी आधीच घ्यावी, टाकीतील पेट्रोल पूर्ण काढून ते घराबाहेर सुरक्षित ठेवावे आणि ड्राय पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी असू द्यावे. हत्यारे बोहरी आळीत चांगली मिळतात: फिक्स आणि रिंग पान्यांचा संच, टी पाना, फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पट्ट्या), सर्क्लिप पक्कड, मॅग्नेट (क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकावरचे चुंबकी चाक) काढण्याचा पुलर आणि क्लचच्या नटासाठी लागणारा खाचांचा खास पाना. शेवटच्या दोन्हींऐवजी छिन्नी आणि हातोडी वापरण्याचा मोह अनेक गॅरेजमध्ये होतो, पण त्याने मॅग्नेटच्या पंख्याच्या पात्या तुटतात आणि क्रँकच्या टोकाचे आटे जातात.

सुट्या भागांसाठी सांकेतिक क्रमांकांची पद्धत ठेवावी. पुढचा फोर्क, हँडल, बॉडी, इंजिन, मागचे चाक आणि वायरिंग असे गट पाडून प्रत्येकाला एक अक्षर द्यावे. काढलेला प्रत्येक भाग त्याच्या नट-बोल्ट-वायसरसह झिपच्या पिशवीत टाकावा आणि पिशवीवरचा क्रमांक, वहीतला क्रमांक आणि छायाचित्रात दिसणारी चिठ्ठी ही तिन्ही एकच असावीत. भाग सुटा झाल्यावर काढलेल्या छायाचित्राचा उपयोग थोडा असतो. तो जागेवर असताना, अर्धा निघाल्यावर आणि पूर्ण निघाल्यावर अशी तीन छायाचित्रे घेतली, तर वायसर आत होता की बाहेर याचे उत्तर मिळते. मोबाइलमध्ये शेकडो छायाचित्रे एका ढिगात पडून राहिली तर ती नसल्यासारखीच होत, म्हणून रोज संध्याकाळी त्यांना तारीख आणि क्रमांक देऊन दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवावी.

काही ठिकाणी केवळ छायाचित्र पुरत नाही. मॅग्नेटखालील स्टेटर प्लेट (वीज तयार करणाऱ्या गुंडाळ्यांची स्थिर तबकडी) सैल करण्यापूर्वी प्लेट आणि केसिंग या दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ ओरखडावी, कारण ठिणगीचा टायमिंग त्या प्लेटच्या स्थितीवर ठरतो. पिस्टनवरील बाण सायलेन्सरच्या बाजूला आहे हे सिलिंडर उचलताक्षणी टिपावे. गिअरच्या आणि क्लचच्या केबल ओढून काढताना त्यांच्या टोकाला मजबूत दोरी बांधावी, म्हणजे बॉडीच्या पोकळीतून नवी केबल त्याच वाटेने परत नेता येते; हे न केल्यास एका केबलसाठी अख्खी सुट्टी खर्ची पडू शकते. जुनी वायरिंग फेकण्याआधी मोठ्या पुठ्ठ्यावर पसरून, तिच्या फांद्या टाचणीने अडकवून, प्रत्येक टोकाला ते कुठे जाते हे लिहावे. ६ व्होल्टची स्कूटर आहे की १२ व्होल्टची, हेही त्याच पुठ्ठ्यावर नोंदवावे, नाहीतर बल्ब आणि हॉर्न चुकीचे आणले जातात.

चाकांबद्दल एक इशारा देणे मी कर्तव्य मानतो. चेतकची रिम दोन अर्धांची असून ते नटांनी जोडलेले असतात. ट्यूबमध्ये हवा असताना हे नट सोडल्यास रिमचे अर्ध स्फोट झाल्यासारखे उडतात आणि जिवावर बेतू शकते. आधी व्हॉल्व्ह काढून हवा संपूर्ण सोडावी, मगच पाना लावावा. ब्रेकच्या ड्रममधील काळी भुकटीही कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

इंजिन हा या कामाचा गाभा आहे. १४५.४५ सीसीच्या या टू-स्ट्रोक इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची खाली-वर धाव) दोन्ही ५७ मिलिमीटर असतात. रचना साधी असली तरी ते हवाबंद असावेच लागते, कारण पेट्रोलचे मिश्रण क्रँककेसमधून (क्रँकभोवतीच्या बंद पेटीतून) जाते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या स्कूटरमध्ये क्रँकची ऑइल सील (हवा आणि ऑइल अडवणारी रबरी कडी) कडक होऊन तडकलेली असतात. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन आपोआप जास्त फिरू लागते आणि शेवटी पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे ऑइल जळू लागते आणि पांढरा धूर सुटून ऑइलची पातळी घटत जाते. त्यामुळे इंजिन एकदा उघडले की दोन्ही सील, सर्व गॅस्केट आणि शंका असलेले बेअरिंग बदलावेत. इथे मूळ भाग जपण्याचा आग्रह नको. बेअरिंग बसवताना केसिंग सावकाश, सगळीकडून सारखे तापवावे आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये गार करावे, म्हणजे ते फारसा जोर न लावता बसते. बोअर घासला असेल तर पुढच्या मापाचा पिस्टन आधी विकत घ्यावा आणि तो हातात देऊनच सिलिंडर रीबोअरला (त्या मापाला आतून कातून घ्यायला) टाकावा. नाना पेठेत हे सुटे भाग मिळतात. पिस्टनची रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने मोजावी आणि ते माप तारखेसह लिहावे. पुढच्या वेळी इंजिन उघडले की झीज किती झाली हे त्याच आकड्यावरून कळते.

जुन्या मिस्त्रींकडे काम नेताना त्यांच्याजवळ थांबण्याची परवानगी मागावी. चेतकवर हात बसलेली ती पिढी आता कमी होत चालली आहे आणि क्लच प्लेटची मोकळीक किती असावी किंवा कार्बोरेटरचा स्क्रू किती फेरे सोडावा, हे ज्ञान त्यांच्या बोटांत आहे. त्यांची हरकत नसेल तर बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि नोंदीत, त्यांच्या संमतीने, त्यांना श्रेय द्यावे. सगळ्या कामाचे चित्रीकरण करण्याची गरज नाही. जी क्रिया शब्दांत मावत नाही, तेवढीच चित्रित करावी.

पत्र्याच्या बाबतीत हे लक्षात घ्यावे की चेतकला वेगळी चॅसी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. म्हणून पायाखालच्या रबरी पट्ट्यांखाली, स्टँडच्या बोल्टपाशी आणि मागच्या शॉकअपच्या टेकूपाशी गंज असल्यास केवळ लांबी भरून भागत नाही. कुजलेला पत्रा कापून नवा पत्रा जोडावा लागतो. छोट्या लोखंडी भागांचा गंज घरी उतरवता येतो: प्लास्टिकच्या टबात दर लिटर पाण्याला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालावा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार साध्या लोखंडी पट्टीला जोडून रात्रभर नव्हे तर देखरेखीखाली काही तास ठेवावे. यात हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे काम उघड्यावरच करावे. पट्टी स्टेनलेस स्टीलची नसावी, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. ॲल्युमिनियमचे भाग तर या टबात घालूच नयेत. मोठ्या बॉडीसाठी भोसरीच्या बाजूला सँडब्लास्टिंग करून मिळते. पातळ पत्र्यावर दाब कमी ठेवायला सांगावे.

मूळ रंग शोधणे हे मला या साऱ्या कामातले सर्वांत आनंदाचे काम वाटते. एखाद्या आडजागी पाण्याच्या पॉलिश पेपरने हलके गोल घासले की एकाखाली एक थर वर्तुळांसारखे उघडे पडतात आणि स्कूटरने किती वेळा रूप बदलले ते दिसते. उन्हाने न उडालेला रंग टाकीखाली किंवा इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मिळतो; तोच नमुना रंगाच्या दुकानात नेऊन जुळवून घ्यावा. आरसीवर नोंदलेला रंग आणि आपण देणार असलेला रंग एकच नसेल, तर आरटीओला कळवावे लागते. उघडा पत्रा जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो, म्हणून खोलणे पावसाळ्यात आणि प्रायमर व रंग दिवाळीनंतर, असे वेळापत्रक पुण्याला मानवते. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. तो फवारा पार्किंगमध्ये मारू नये, बूथ असलेल्या रंगाऱ्याकडेच द्यावा.

जोडणी ही वहीतील क्रमांक उलट वाचत जाण्याची गोष्ट आहे. त्यातही पेट्रोलची नळी, कॉकचे वायसर आणि कार्बोरेटरची रबरी सामग्री इथेनॉलला टिकणारी घ्यावी, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुने रबर फुगवते. इथेनॉल पाणी शोषत असल्याने स्कूटर महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करणे बरे.

पहिल्यांदा किक मारण्याआधी पॉइंटची (ठिणगीसाठी विजेचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांची) फट ०.३ ते ०.५ मिलिमीटर आणि प्लगची फट सुमारे ०.६ मिलिमीटर आहे हे तपासावे, प्लग बॉडीला टेकवून ठिणगी पाहावी, आणि पेट्रोलमध्ये दर लिटरला २० मिलिलिटर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल घालावे. नव्या पिस्टनवर सुरुवातीला हे प्रमाण किंचित वाढवले तरी चालते. पहिल्या काही फेऱ्या सपाट रस्त्यावर, अर्ध्या थ्रॉटलपर्यंतच कराव्यात. दिवे घाटाचा चढ नंतरसाठी ठेवावा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासावेत. प्रत्येक फेरीनंतर किलोमीटर, हवामान, कार्बोरेटरच्या जेटचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या भागाचा) क्रमांक आणि प्लगच्या टोकाचा रंग यांची एक ओळ लिहावी: विटकरी-तपकिरी रंग योग्य मिश्रण दाखवतो, ओला काळा रंग जादा पेट्रोल किंवा ऑइल दाखवतो, आणि पांढुरका रंग दिसल्यास स्कूटर पुढे न चालवता आधी मॅग्नेटच्या बाजूचे सील आणि कार्बोरेटरचा सांधा पाहावा.